गोलाखालची रेघ

शालिनी जाऊन दहा वर्षं होत आली, तेव्हा कुठे तिचा मुलगा मावशीच्या दारात आला. आणि आला तो आईच्या फोटोला नमस्कार करायला नव्हे, मावशीचं रक्त न्यायला.

दोन हजार आठ सालचा फेब्रुवारी. धारवाडच्या सप्तापुरातल्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत अंबूताई एकट्याच राहत. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. वरच्या खोल्या युनिव्हर्सिटीच्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. दर जूनला नवी पोरं येत, दर मेमध्ये जुनी जात. आजूबाजूची जुनी माणसंही एकेक करून मुलांकडे पुण्याला, बंगळूरला निघून गेलेली. दार वाजलं की वरच्या पोरांचाच कुणी मित्र असायचा. म्हणून त्यांनी सवयीनं कन्नडमध्येच विचारलं, "यार बेकागित्तरी?" कोण हवंय?

"अंबूताई तुम्हीच ना?" दारातला मुलगा मराठीत म्हणाला. "मी प्रभंजन. हुबळीचा. विनायकरावांचा मुलगा."

विनायकरावांचा. शालिनीचा असं तो म्हणाला नाही. पण त्यानं ते सांगायची गरजही नव्हती. हनुवटीवर तीच खळी, ओठ मिटून घ्यायची तीच तऱ्हा. अंबूताईंनी दाराची कडी धरून ठेवली.

"ये," त्या म्हणाल्या. "चप्पल आतच काढ, बाहेर कुत्री नेतात."

तो आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसला. खांद्याला बॅग, हातात पाण्याच्या जगसारखा एक निळा डबा, आत बर्फ वाजत होता.

"फोन करून यायला हवं होतं, मावशी. पण तुमचा नंबर नव्हता."

"पत्ता होता की. पत्ता तीस वर्षं हाच आहे."

सख्खा भाचा मावशीला 'तुम्ही' म्हणतो, हे अंबूताईंना त्या नंबरापेक्षा जास्त लागलं. त्या चहा टाकायला आत गेल्या, आणि दूध उतू जाईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

अंबूताई आणि शालिनी, आठ वर्षांच्या अंतरानं झालेल्या दोघी बहिणी. आई लवकर गेली, त्यामुळे शालूची वेणी घालण्यापासून तिचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं अंबूताईंनीच केलं. हुबळीचं स्थळ चांगलं होतं. मिरजेकडून तीन पिढ्यांपूर्वी आलेलं घराणं, बाजारात कापडाचं मोठं दुकान, विद्यानगरात बंगला. विनायकराव दिसायला देखणे, बोलायला मऊ. लग्न झालं ऐंशी साली, आणि त्र्याऐंशीत प्रभंजन झाला. माहेरी आई नाही म्हणून बाळंतपण हुबळीलाच झालं. बारशाला शालूनं अंबूताईंच्या मांडीवर बाळ ठेवलं आणि म्हणाली, "अक्का, हा तुझ्यासारखाच कपाळाला आठ्या घालतो बघ!"

मूल दीड वर्षाचं झालं आणि शालूच्या हातून भांडी पडायला लागली. मग एका डोळ्यापुढे धुकं आलं. मग पाय. आधी डावा, मग दोन्ही. हुबळीच्या डॉक्टरांनी मणक्यातलं पाणी काढून बंगळूरला तपासायला पाठवलं, तेव्हा आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव कळलं. नसा म्हणजे विजेच्या तारा समजा, डॉक्टर म्हणाले, आणि या बाईंच्या तारांवरचं वेष्टण ठिकठिकाणी झडतंय. का झडतंय, ते ठाऊक नाही.

डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, पण सासूबाईंना होतं. पंच्याऐंशीच्या दिवाळीआधी त्यांनी शालूला टॅक्सीत घालून धारवाडला आणून सोडलं. बाळाला आणलं नाही. अंबूताईंनी विचारलं तेव्हा त्या दुकानदाराच्या घरच्या बाईसारख्याच बोलल्या. "आमच्या धंद्यात कापडाचं डागी ठाण परत पाठवतात, अंबूताई. तुमच्या रक्तातच खोट होती, ती तुम्ही सांगितली नाही. पोराला काही झालं तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

पुढच्या वर्षी घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या आणि विनायकरावांनी पल्लवीशी दुसरं लग्न केलं. अंबूताईंना तेव्हा बेळगावचं एक स्थळ सांगून आलं होतं. बिजवर, पण चांगला माणूस. होकार कळवून झाल्यावर तिकडच्यांनी शालूबद्दल ऐकलं आणि पुढे पत्रच पाठवलं नाही. अंबूताईंनीही पाठवलं नाही. त्यांना सकाळी शाळेत जाण्याआधी बहिणीला आंघोळ घालायची असायची आणि आल्यावर तिची कूस बदलायची असायची. त्या कामात तेरा वर्षं गेली.

या तेरा वर्षांत शालिनीनं एकच गोष्ट मागितली. एक्याण्णवच्या मे महिन्यात प्रभंजनची मुंज होती. धारवाडातल्या ओळखीच्या सगळ्या घरांत पत्रिका गेली, या घरात आली नाही. शेजारच्यांकडची पत्रिका शालूनं मागवून घेतली आणि एका डोळ्यानं वाचली. "अक्का, मातृभोजन माझं आहे," ती म्हणाली. "मुंजीआधी पोरगं आईच्या ताटात शेवटचं जेवतं. बाकी सगळं पल्लवीनं करावं, मी काही म्हणणार नाही. हे एक माझं आहे."

अंबूताईंना नाही म्हणवेना. त्यांनी भाड्याची अँबॅसडर सांगितली. पहाटे उठून हरभऱ्याची डाळ शिजवून, गूळ घालून हयग्रीव केलं. शालूला हिरवी इरकल नेसवली आणि डबा तिच्या मांडीवर दिला. हुबळीच्या मंगल कार्यालयाच्या दारात गाडी थांबली तेव्हा विनायकराव स्वतः धावत आले. गाडीच्या खिडकीत वाकून ते मऊ आवाजात म्हणाले, "असं करू नका. चार घरची माणसं आलीत. उद्या पोराचं लग्न करायचंय मला. मागच्या दारानं गाडी काढा. पाया पडतो."

मागच्या दारानं गाडी काढली. तिथं स्वयंपाकघराची खिडकी होती. त्या खिडकीतून शालूला आत पाटावर बसलेला मुलगा दिसला, आठ वर्षांचा, आणि त्याला भरवणारी पल्लवी. ड्रायव्हर गाडी मागे-पुढे घेत होता तेवढा वेळ दिसला. परत येताना वाटेत नवनगर आलं. तेव्हा शालू डबा उघडून म्हणाली, "अक्का, तू खा. कुणीतरी खायला हवं ना ते."

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात शालिनी गेली. हुबळीला तार केली होती. कुणी आलं नाही.

आणि आता तो मुलगा पुढ्यात बसून चहा पीत होता. तो बंगळूरला एका संस्थेत पीएच.डी. करत होता, याच आजारावर. अंबूताईंना क्षणभर बरं वाटलं. इतका मोठा होऊन हा आईचंच दुखणं शोधत बसलाय!

"काय शोधतोस?" त्यांनी विचारलं. "मला समजेल असं सांग. बीजगणित आलं मला, हेही येईल."

प्रभंजन पहिल्यांदा हसला. "फार जुनी गोष्ट आहे, मावशी. कोट्यवधी वर्षांपूर्वी, माणूस माणूस व्हायच्याही आधी, आपल्या पूर्वजांना काही विषाणूंची लागण झाली. ते विषाणू बीजात शिरले आणि तिथंच राहिले. बापाकडून, आईकडून पोरांना मिळत गेले. आपल्या डीएनएची शंभर पानांची वही केली, तर त्यातली आठ पानं या विषाणूंची निघतील."

"कुणाच्या वहीत?"

"सगळ्यांच्या."

"सगळ्यांच्या म्हणजे आमच्या घराण्यातल्या?"

"सगळ्या माणसांच्या, मावशी. बहुतेक तुकडे मोडके आहेत, मुके आहेत. पण या आजाराच्या रोग्यांत त्यातला एक प्रकार जागा झालेला दिसतो. त्याच्यामुळेच नसांवरचं वेष्टण झडतं, असं अजून सिद्ध नाही. उलटंही असेल, आजारामुळे तो जागा होत असेल. तेच शोधायचंय."

अंबूताईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे तुझ्या अप्पांच्या रक्तातही तो आहे?"

"आहे."

"तुझ्या आजीच्या होता?"

"असणारच."

"पल्लवीच्या?"

"मावशी, हे घर बांधणाऱ्या गवंड्याच्यासुद्धा होता!" त्याला आता बोलायचा उत्साह आला होता. "आणि गंमत सांगू का? त्याच जातीच्या विषाणूचा एक तुकडा फार चांगल्या कामाला लागलाय. बाईच्या पोटात मुलाभोवती वार होते ना, ती नीट बनायला तो लागतो. विषाणू नसता तर आपण आईच्या पोटात असे राहिलोच नसतो."

"म्हणजे ज्यानं तुला नऊ महिने धरून ठेवलं, त्यानंच तिचे पाय नेले."

"तसं नाही म्हणता येत. शास्त्रात इतकं सरळ नसतं."

"इतकी वर्षं तुमच्या घरात फारच सरळ होतं," अंबूताई म्हणाल्या. "आमचं ठाण डागी, तुमचं कोरं."

त्यानं बॅगेतून रबराची नळी काढून त्यांच्या दंडाला बांधली. रोग्याच्या सख्ख्या बहिणीचं रक्त हवं होतं, आणि शालिनीच्या दुखण्याचे जुने कागद. रक्त काढायला तो शिकला होता, हात हलका होता. जांभळ्या झाकणाची नळी भरली. अंबूताईंनी दुसऱ्या हातानं कपाट उघडून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मणक्याच्या तपासणीचा कागद, औषधांच्या पावत्या, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं होतं.

"आता फक्त या कागदावर सही," प्रभंजन म्हणाला.

"सहीआधी वाचायचं, हे मी पोरींना शिकवत आले." त्यांनी चष्मा लावला. शेवटच्या पानावर एक तक्ता होता, गोल आणि चौकोन, रेघांनी जोडलेले. "हे काय?"

"घराण्याचा तक्ता. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. काळा भरलेला गोल म्हणजे रोगी. त्याच्यावर तिरकी रेघ म्हणजे मृत."

"ही शालू?"

"हो. नाव लिहीत नाहीत, नंबर असतो. दोन-दोन, म्हणजे दुसऱ्या पिढीतली दुसरी. आणि हा शेजारचा पांढरा गोल तुम्ही."

अंबूताईंनी त्या काळ्या गोलावर बोट ठेवलं. खाली एक बारीक रेघ उतरत होती आणि तिच्या टोकाला दोन छोट्या आडव्या रेघा मारलेल्या होत्या. तिथंच ती संपत होती.

"बाकी सगळी चिन्हं सांगितलीस. हे राहिलं."

प्रभंजननं निळ्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"अरे, विचारतेय मी."

"अपत्य नाही," तो म्हणाला.

वरच्या खोलीत कुणीतरी रेडिओ लावला होता. अंबूताई त्या तक्त्याकडे बघत राहिल्या. गणिताच्या पेपरात एखाद्या हुशार मुलीनं जाणूनबुजून खोटी आकडेमोड केलेली दिसावी, तसं त्यांना वाटलं.

"मावशी, ऐका. आमच्या लॅबमध्ये उत्तरा म्हणून मुलगी आहे. आमचं लग्न ठरतंय. हे तक्ते तीच संगणकात भरते. तिच्या घरचे जुन्या वळणाचे आहेत. इथलेच, धारवाडचे. त्यांना पल्लवीआईच माझी आई म्हणून माहीत आहे."

"आणि उत्तराला?"

"तिलाही."

"दोघं मिळून विषाणूच शोधता ना तुम्ही? मग सांग की तिला, शंभरात आठ पानं सगळ्यांची असतात म्हणून."

"ते लॅबमध्ये बोलायला ठीक आहे हो! तिच्या आजीला मी आठ टक्के काय म्हणून सांगू?" त्याचा आवाज चढला, मग एकदम पडला. "मला भीती वाटते, मावशी. पाचवीत असताना आजीनं सांगितलं, तुझी खरी आई धारवाडला पांगळी पडलीय, तूही तसाच होशील, तिकडे जाऊ नकोस. तेव्हापासून पाय झोपला तरी मी दचकतो. मला ठाऊक आहे, आईला आजार असला तरी मुलाला व्हायची शक्यता शंभरात दोन-तीन. आकडा ठाऊक आहे. भीती जात नाही."

पाचवीत. म्हणजे त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल. शालू त्यानंतर चार वर्षं जिवंत होती. बसनं यायला पाऊण तास लागतो. अंबूताईंनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि ती बोलून दाखवली नाही.

त्यांनी त्याच्या खिशाचं बॉलपेन घेतलं. काळ्या गोलाखालच्या त्या दोन आडव्या रेघांवरून सरळ खाली एक रेघ ओढली, ठसठशीत, आणि तिच्या टोकाला एक चौकोन काढला.

"आता करते सही."

प्रभंजननं एकदा कागदाकडे हात नेला. मग हात मागे घेऊन निळ्या डब्यातून रक्ताची नळी काढली आणि टेबलावर ठेवली.

"हा कागद उत्तराच्या हातात देता येत नाही, आणि सहीच्या कागदाशिवाय हे नेता येत नाही," तो म्हणाला. "राहू दे, मावशी. दुसरं एखादं कुटुंब बघतो."

"बघ."

दारात चप्पल घालताना तो थबकला. "उत्तराच्या घरचं कुणी चौकशीला आलं तर... तुम्ही..."

"तुझे अप्पा गाडीच्या खिडकीत वाकून असंच बोलले होते. फक्त ते पाया पडले होते."

"येतो," तो म्हणाला.

निघणाऱ्याला उलट 'ये' म्हणायचं असतं. अंबूताईंनी म्हटलं नाही. ती नळी त्यांनी मोरीत रिकामी केली आणि दोन तांबे पाणी ओतलं.

आठ दिवसांनी खरंच एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नाव गोविंदराव, उत्तराचे वडील. "कूडरी, बसा," म्हणून अंबूताईंनी खुर्ची दिली. चहाबरोबर बिस्किटं ठेवली.

"रागावू नका, बाई. मुलीचा बाप आहे, चार ठिकाणी विचारावं लागतं," ते म्हणाले. "विनायकरावांची पहिली मंडळी तुमची बहीण, असं कळलं. त्यांना काहीतरी... पाय गेले होते म्हणे?"

"गेले होते."

"अरेरे! घराण्यात आणखी कुणाला?"

"नाही."

"तुमच्या मातोश्रींना? त्यांच्या माहेरी?"

"नाही हो."

गोविंदरावांनी बिस्किट चहात बुडवलं. "मुलगा गुणी आहे. पण वर्षांचा मेळ बसत नाही. दुसरं लग्न शहाऐंशीचं, असं एकजण म्हणतो. दुसरा म्हणतो ब्याऐंशीचं. मुलगा त्र्याऐंशीचा. तेव्हा मी म्हटलं, सरळ तुम्हालाच विचारावं. तुमच्याइतकं खरं कोण सांगणार? पोरगा पहिलीचा की दुसरीचा?"

या प्रश्नाची अंबूताई बावीस वर्षं वाट पाहत होत्या. कुणीतरी दारात येऊन विचारावं, आणि आपण मोठ्यानं सांगावं, की तो शालूचा आहे. डबा तिथंच कपाटात होता. प्रभंजन टाकून गेलेला तक्ता डब्यात होता.

"गोविंदराव, एक सांगू?" त्या म्हणाल्या. "या आजाराचं म्हणतात ना, ते बीज म्हणे तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या रक्तात असतं. फार जुनं. शास्त्रज्ञ सांगतात."

"वाचतो ना मी पेपरात." गोविंदराव समजूतदारपणे हसले. वाईट माणूस नव्हता तो. "सगळ्यांच्यात असेल ते असू दे, बाई. ज्याच्या घरात दिसलं, त्याच्या घरात ते आहे. आपण आपलं तेवढंच बघायचं."

अंबूताईंना पाटावर बसलेला आठ वर्षांचा मुलगा दिसला. मग बॅग खांद्याला लावून खुर्चीच्या टोकावर बसलेला. पाय झोपला तरी दचकणारा. आपण एक शब्द बोललो, की या भल्या माणसाच्या हातून तोही टॅक्सीत बसवून परत पाठवला जाणार होता. शालू असती तर काय म्हणाली असती, हे त्यांना विचारावंच लागलं नाही. म्हणूनच त्यांना तिचा राग आला.

"माझ्या बहिणीला मूल झालं नाही," त्या म्हणाल्या.

"असं होय!" गोविंदरावांनी सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे ब्याऐंशीच खरं. बरं झालं बाई, विचारलं ते. तुमचे फार उपकार झाले. लग्नाला यायचं हं, मी स्वतः पत्रिका आणून देईन."

"बघू."

"येतो मग."

"या," अंबूताई म्हणाल्या.

ते कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. मग कपबशी विसळून पालथी घातली, कपाट उघडलं, डबा काढला. तक्त्यावर त्यांची रेघ तशीच होती, फळ्यावर एकतीस वर्षं रेघा ओढलेल्या हाताची, कुठे न हललेली. तिच्या टोकाला तो चौकोन. त्यांनी कागद घडी करून सगळ्यात खाली ठेवला, चिठ्ठ्यांच्या आणि पावत्यांच्याही खाली, आणि झाकण दाबून लावलं.

भिंतीवर शालूचा फोटो होता, हिरव्या इरकलीतला. त्याच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "शालू, आज मीही तुला मागच्या दारानं काढलं गं."